तीनशे शहाऐंशी हातांचं ‘सोड’

वैजयंता खोत यांच्या हातानं म्हशीचं दावं सोडलं नाही, हे मला मंगळवारी सकाळी साडेनऊला कळलं. मी केंद्रात येऊन नुकताच चहा घेतला होता. फोन त्यांच्या जावेचा होता.

"सायेब, म्हस उधळली. तुमच्या हातानं दावं धरलं ते धरलंच. वैजूला गोठ्यापास्नं पार रस्त्यापातुर फरफटत नेलं. आता दवाखान्यात हाय. दुसरा हात, चांगला व्हता तो, दोन जागी मोडलाय."

"आपला हात कुठं आहे?" मी विचारलं.

हा माझा पहिला प्रश्न होता. बाई कशी आहे, हे मी त्यानंतर विचारलं.

"दाव्यालाच हाय," जाऊ म्हणाली. "चौघांनी ओढून बी बोटं उघडंनात. शेवटी दावं कापलं."

आमचं केंद्र कृत्रिम हात बनवतं. कडबाकुट्टीत, उसाच्या चरकात किंवा कारखान्याच्या प्रेसखाली हात गेलेली माणसं आमच्याकडं येतात. हात बंद करायचा विचार मनात आला, की उरलेल्या दंडाच्या स्नायूंत अगदी थोडी वीज खेळते. आमच्या हाताचे सेन्सर ती वीज वाचतात आणि हातातला प्रोग्राम ठरवतो, की बोटं मिटायची की उघडायची आणि किती जोरानं. दंडाला आणि खांद्याला मिळून सोळा सेन्सर असतात. हात चार्जरवर ठेवला, की दिवसभराची नोंद आपोआप आमच्याकडं येते आणि नवा प्रोग्राम हातात जातो.

जावेला तो हात चार्जरवर ठेवायला सांगून मी वैजयंताबाईंच्या हाताची नोंद उघडली. सकाळी सहा बारा. घाबरल्यावर त्यांनी कोपर बरगडीला घट्ट लावलं होतं. त्या क्षणी हातानं पकड सैल करायची, तर ती चाळीस टक्क्यांवरून शंभरावर नेली होती. कोपर अंगाला लावणं म्हणजे ‘घट्ट धर’, असा नियम प्रोग्राममध्ये होता.

नियम माझा होता. दहा मिनिटांत मला सगळं समजलं. मी नोंद बंद केली आणि कुणाला काही बोललो नाही.

*

माझी बायको त्रिशला त्याच केंद्रात होती. ती जाऊन तेव्हा अकरा महिने झाले होते. हातांचे सुरुवातीचे सगळे प्रोग्राम तिनं लिहिले.

प्रोग्रामच्या भाषेत क्लास म्हणून एक गोष्ट असते. एका वस्तूला काय काय माहीत आहे आणि काय काय करता येतं, ते सगळं एका जागी लिहिलेलं असतं, तो क्लास. त्रिशलानं प्रत्येक माणसाच्या हातासाठी वेगळा क्लास लिहिला होता. सातशे ओळींचा एक, असे तीनशे शहाऐंशी. त्यातल्या सहाशे ओळी सगळीकडं जवळजवळ सारख्याच. धर, उचल, फिरव, ठेव. एक ओळ बदलायची झाली, तर ती तीनशे शहाऐंशी ठिकाणी बदलावी लागायची. सेन्सर आठाचे सोळा झाले तेव्हा ती दीड महिना तेच करत बसली होती. त्यात एका गवंड्याचा अंगठा बदलायचा राहिला. बिचाऱ्याला आठवडाभर थापी धरता आली नाही.

"तू प्रोग्रामर आहेस की झेरॉक्सवाली?" मी तिला म्हणायचो. केंद्रातली पोरंही हसायची. तीही हसायची.

मला यावरचा उपाय माहीत होता. क्लास हातानं न लिहिता, क्लास लिहिणारा प्रोग्राम लिहायचा. याला मेटाप्रोग्रामिंग म्हणतात. घरातला सोऱ्या आठवा. पीठ एक, यंत्र एक, चकती बदलली की कधी शेव, कधी चकली. मी असंच यंत्र बनवायचं ठरवलं. प्रत्येक माणसाची फक्त माहिती द्यायची, दहाबारा ओळी. बाकी सगळा क्लास यंत्र स्वतः तयार करील. दुरुस्ती एकाच ठिकाणी केली की ती सगळीकडं लागू होईल. कुणाचा अंगठा राहणार नाही. या यंत्राला आम्ही साचा म्हणायचो. माझा साचा आणखी एक काम करायचा. जुने क्लास वाचून त्यांत सारखं काय आणि वेगळं काय, हे तो स्वतः शोधायचा.

कल्पना चुकीची नव्हती. आजही नाही. त्रिशलालाही पटली होती.

"करा," ती म्हणाली. "सगळं काढा. माझी कटकट तरी जाईल. फक्त ‘सोड’ला हात लावू नका."

‘सोड’ हे प्रत्येक क्लासमधलं शेवटचं फंक्शन होतं. फंक्शन म्हणजे एका कामापुरत्या लिहिलेल्या ओळी. माणूस दचकला, की हातानं जे काही धरलं असेल ते ताबडतोब सोडायचं, एवढंच त्याचं काम. एकेक चाळीस ओळींचं.

"का? तेही सारखंच आहे. आकडे तेवढे वेगळे," मी म्हणालो.

"सारखं दिसतंय. माणूस शिकवल्यासारखं घाबरत नाही हो. ज्याचं त्याचं घाबरणं वेगळं असतं. मी प्रत्येकाच्या घरी जाऊन बघितलंय."

"बरं. नाही लावत."

मी तसं कबूल केलं होतं. पुढं दोन महिन्यांत तिला गाठ निघाली आणि तिचं केंद्रात येणं बंद झालं. मी एकटाच साच्यावर काम करत राहिलो.

दोन लाख सत्तर हजार ओळींच्या सतराशे झाल्या. माणसांच्या माहितीच्या ओळी सोडून. पण ‘सोड’च्या पंधरा हजार ओळी तशाच राहिल्या होत्या. साच्यात बसत नव्हत्या. हातांना पैसे देणाऱ्या राज्याच्या योजनेची समिती काम बघायला येणार होती, आणि मला सतराशे हा आकडा दाखवायचा होता. पंधरा हजारांचं गाठोडं बाजूला ठेवून सतराशे सांगता येत नाहीत. त्या ओळींत शेरे होते. ‘ताट पडलं, खांदा वर.’ ‘ताट दोनदा. पहिल्यांदा हसला.’ मला ते शेरे पोरकट वाटले. मी साच्याला ‘सोड’ही एकत्र करायला सांगितलं. त्यानं तीनशे शहाऐंशी जणांचा हिशोब करून बहुसंख्यांचं काय ते काढलं. खांदा वर आणि मनगट झटकायचा विचार, म्हणजे सोड; कोपर अंगाला, म्हणजे घट्ट धर. सगळ्यांना एकच.

आम्ही चाचणी घेतली. एकेकाला खुर्चीत बसवलं, नवी खूण शिकवली आणि म्हणालो, "सोडा." तीनशे शहाऐंशी हात उघडले. एकही नापास झाला नाही. खुर्चीत बसून कुणी घाबरत नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही, असं मी लिहिलं तर ते खरं होणार नाही. आलं होतं. मी ते बाजूला सारलं.

समितीनं टाळ्या वाजवल्या. त्या संध्याकाळी मी दवाखान्यात त्रिशलाला सांगायला गेलो. तिच्या हाताला सलाईन होतं.

"सतराशे?" ती म्हणाली. "अहो, मग ‘सोड’?"

"तुझं ‘सोड’ आहे तसं आहे. ते मी धरलं नाही मोजताना."

"बरं केलं," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

तिला त्रास नको म्हणून मी खोटं बोललो, असं मी पुढं बरेच दिवस स्वतःला सांगत आलो. तसं नव्हतं. तिनं नाही म्हटलं असतं तर मला पंधरा हजार ओळी परत घालाव्या लागल्या असत्या. त्यानंतर ती वर्षभर होती. मला रोज सांगता आलं असतं.

त्या दोन वर्षांत चार तक्रारी आल्या. एकाच्या हातानं कपाचा कान तोडला. एका आजोबांनी नातीचं मनगट धरलं, ते सुटेना, पोरीच्या हातावर वळ उठले. चारही तक्रारींवर मी ‘वापरातील चूक’ असं लिहून त्या बंद केल्या.

*

अपघाताच्या नवव्या दिवशी चौकशीची बैठक झाली. केंद्राचे प्रमुख डॉक्टर बेनाडीकर होते आणि योजनेच्या एक अधिकारी बाई होत्या. त्यांनी पडद्यावर वैजयंताबाईंचा क्लास उघडला.

"या फंक्शनवर नाव कुणाचं आहे?" बाईंनी विचारलं.

माझा साचा प्रत्येक फंक्शनवर मूळ लेखकाचं नाव आपोआप घालायचा. ते मीच केलं होतं, तिचं श्रेय जाऊ नये म्हणून. पडद्यावर होतं: त्रिशला मगदूम.

बेनाडीकरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मगदूम, मनाला लावून घेऊ नका. मॅडम आजारी होत्या, त्या काळात एखादी गोष्ट नजरेतून सुटते. त्यांच्यावर कुणी बोट ठेवणार नाही. आपण फक्त ‘डिझाइनमधील मूळ त्रुटी’ असं लिहू."

मी मान हलवली. नुसती मान हलवली, पण ती होकारार्थी होती.

मग बाई म्हणाल्या, "हे घाबरण्यावर चालणारं प्रकरणच भरवशाचं नाही. सगळ्या हातांमधून काढून टाका. बटण बसवा. दुसऱ्या हातानं दाबलं की पंजा उघडेल. तोपर्यंत सगळ्यांची पकड निम्म्यावर आणा."

"आमच्याकडं अकरा जणांना दोन्ही हात नाहीत," मी म्हणालो.

"अकराच ना? त्यांचं बघू."

त्याच दिवशी पकड निम्म्यावर आली. दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. निम्म्या पकडीत कप धरता येतो, बादली धरता येत नाही. पाना फिरत नाही. धार काढता येत नाही. एक जण म्हणाला, "सायेब, हात दिलासा आन् हातातलं काम काढून घेतलंसा."

*

वैजयंताबाई घरी आल्याचं कळलं तेव्हा मी त्यांच्या गावी गेलो. निघताना ठरवलं होतं, सांगायचं. एसटीतून उतरेपर्यंत ठरवलेलं निम्मं राहिलं होतं.

त्या सोप्यात खाटेवर बसल्या होत्या. उजवा हात कोपराखाली नव्हताच. डावा प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. जाऊ त्यांना आमटीत भाकरी चुरून भरवत होती.

"या की, मगदूमसायेब. बसा," वैजयंताबाई म्हणाल्या. "उठता येईना बगा. आनि ही भवानी एक घास धड भरवंना. निम्मी आमटी गळ्यात."

"तोंड उघड की नीट," जाऊ म्हणाली. "बोलायचं बंद केलंस तर घास जाईल आत."

मी बसलो. चहा आला. मी दवाखान्याचं विचारलं, म्हशीचं विचारलं. म्हैस विकली होती.

"सायेब, एक इचारू?" वैजयंताबाई म्हणाल्या. "केंद्रातनं फोन आल्ता. ताईंकडनं चूक झाली म्हनत्यात. खरं हाय?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"मला न्हाई पटलं. ताई हितं दोन दिस राहिल्या व्हत्या, ठावं हाय? माझ्या हातचं खाल्लं, गोठ्यात माझ्यासंगं बसल्या. मी म्हनलं, ही बाई हात बसवायला आलीया का पावनी म्हनून? दुसऱ्या दिशी मी चुलीम्होरं बसल्ते, आनि ह्यांनी मागनं येऊन धाडदिशी ताट आपटलं. मी अशी उडाले! चांगल्या शिव्या घातल्या."

"काय काय शिव्या घातल्यास ते सांगू का सायबाला?" जाऊ म्हणाली.

"गप गं. ताई हसत हसत माफी मागत्यात आनि हाताची वायर बगत्यात. मग मला म्हनल्या, तुमी कोपर बरगडीला का लावलासा? मी म्हनलं, ती सवय हाय जुनी. माझा बा मारायचा. काठी बरगडीवर बसू न्हाई म्हनून कोपर आपसूक आत जातंय. कुनाला ठावं न्हाई हे. हिला बी ठावं न्हवतं. ताईंनी वहीत लिवून घेतलं."

जाऊ घास हातात धरून त्यांच्याकडं बघत होती.

"तर एवढ्या बारीक बगनाऱ्या बाईकडनं चूक कशी व्हईल? पर झाली आसंल. मानूसच हाय. मी माफ केलंय त्यास्नी. तुमी जीवाला लावून घेऊ नगासा."

बैठकीत मान हलवली तेव्हा मला लाज वाटली नव्हती, फक्त भीती वाटली होती. इथं लाज वाटली. अंगावरचे कपडे जड व्हावेत तशी.

"चूक तिची नाही," मी म्हणालो. "तिनं तुमचं कोपर बरोबर लिहिलं होतं. मी ते काढलं. सगळ्यांसाठी एकच खूण ठेवली. तिनं नको म्हणून सांगितलं होतं. मी तिलाही खोटं सांगितलं, की काढलं नाही म्हणून."

वैजयंताबाईंनी विचारलं, "का काढलं?"

मला सतराशे हा आकडा सांगावा लागला. इथं सोप्यात तो सांगताना मी अडखळलो.

"ओळी कमी कराय?" त्या म्हणाल्या.

"हो."

"आनि तिकडं केंद्रात काय सांगितलासा?"

"अजून काही नाही. उद्या गेलो की सांगतो."

"उद्या का? फोन हाय न्हवं खिशात? लावा आत्ता. माझ्याम्होरं लावा."

मी फोन लावला. जावेनं तो माझ्या हातातून घेतला, स्पीकर सुरू केला आणि खाटेवर ठेवला. बेनाडीकरांना मी सगळं सांगितलं.

"मगदूम, अहवाल गेलाय वर," ते म्हणाले. "तुम्हाला काय गरज आहे आता? तुम्ही दुःखात आहात. घरी जा, दोन दिवस रजा घ्या."

"सर, बटण बसवू नका. तिच्या ‘सोड’मध्ये खोट नव्हती. ते परत बसवायचं. मी लेखी देतो."

"लेखी दिलंत तर तुमची नोकरी जाईल."

"व्हय, मग?" वैजयंताबाई खाटेवरून म्हणाल्या. "माझा हात गेला की."

बेनाडीकरांनी विचारलं, "कोण आहे तिकडे?" जावेनं फोन बंद केला. मी हात जोडले. वैजयंताबाई माझ्याकडं बघत नव्हत्या.

"ताईंना माफ केल्तं," त्या म्हणाल्या. "तुमचं मला म्हाईत न्हाई. तुमी जावा आता."

*

मी लेखी दिलं. अहवाल बदलला आणि त्रिशलाचं नाव त्यातून निघालं. बटणाचा प्रस्ताव मागं घेतला गेला. मला कामावरून काढलं. मग बेनाडीकरांनीच परत बोलावलं, निम्म्या पगारावर, कारण हे काम करायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

प्रोग्रामच्या जुन्या प्रती जपून ठेवलेल्या असतात, त्यामुळं त्रिशलाच्या पंधरा हजार ओळी मला सापडल्या. पण त्या तशाच्या तशा बसत नाहीत. मधल्या काळात सेन्सर बदलले. माणसांचे दंड बारीक झाले, काहींचे सुटले. काहींची शरीरं माझी खूण अर्धवट शिकली आहेत, म्हणजे घाबरल्यावर थोडं त्यांचं स्वतःचं होतं आणि थोडं माझं. जुने आकडे आता कुणालाच लागू नाहीत. तिच्या शेऱ्यांवरून एवढंच कळतं, की कुणाच्या घरी काय शोधायचं.

‘कान कमी. ताट नको. मागून गार पाणी.’
‘श्वास रोखतात, बाकी काही हलत नाही. छातीचा सेन्सर लावला.’
‘घाबरत नाहीत. तिसऱ्या भेटीत घाबरले.’

साचा मी ठेवला आहे. धर, उचल, फिरव, ठेव हे त्यातूनच येतं आणि ते ठीक चालतं. फक्त ‘सोड’ची जागा त्यात मोकळी सोडली आहे. प्रत्येकाचं मी हातानं लिहितो.

मला ते तिच्यासारखं जमत नाही. माणसं माझ्यासमोर सावरून बसतात. मी पाठीमागं गेलो की वळून बघतात. एका गावात मी ताट टाकलं तर म्हातारा म्हणाला, "घ्या उचलून, झालं का तुमचं?" एका घरी तीनदा गेलो, मग चौथ्यांदा जेवायला थांबलो, तेव्हा कुठं जमलं. प्रत्येक घरी आधी माझ्या हातून काय झालं ते सांगतो. काही जण ऐकून घेतात. दोघांनी दारातूनच परत पाठवलं. ज्यांच्या नातीच्या हातावर वळ उठले होते, त्या आजोबांनी सगळं ऐकल्यावर विचारलं, "तवा मी फोनवर हेच सांगत हुतो न्हवं?" मी हो म्हणालो. त्यांचं ‘सोड’ त्यानंतर दोन महिन्यांनी लिहिता आलं.

ज्याचं ‘सोड’ पूर्ण होतं, त्याची पकड पुन्हा शंभरावर जाते. बाकीच्यांची अजून पन्नासवर आहे.

दीड वर्षात एकोणपन्नास जणांचं झालं. त्यात दोन्ही हात नसलेले अकराही आले, त्यांचं आधी केलं. तीनशे सदतीस राहिले आहेत. वैजयंताबाईंचं प्लास्टर निघून वर्ष झालं, पण त्यांनी कृत्रिम हात परत घातलेला नाही आणि मला घरी यायला परवानगी दिलेली नाही. त्यांचं ‘सोड’ लिहायचं राहिलं आहे.